स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेलेली कितीतरी प्रकरणे पहिल्याच टप्प्यावर ‘प्रथमदर्शनी प्रकरण दिसत नाही’ या शेऱ्याने बंद होतात. त्यातली घटना खोटी असतेच असे नाही. ठेकेदारांनी खरोखर रिंग केलेली असते (कोणी कोणते काम किती दरात घ्यायचे ते आधीच आपसात ठरवलेले असते), संघटनेने खरोखर माल अडवलेला असतो. पण अर्जाची तीस पाने ‘माझे किती नुकसान झाले’ यात जातात आणि ‘या बाजारातली स्पर्धा कशी संपवली’ याला दोन ओळी मिळतात. आयोग दोघांमधले भांडण मिटवत नाही, तो बाजार तपासतो. पुढचा प्रत्येक टप्पा याच एका गोष्टीवर उभा आहे.

हे मार्गदर्शन लहान व्यापारी, ठेकेदार, ग्राहक संस्था आणि नागरिक मंच यांच्यासाठी आहे. आधार स्पर्धा अधिनियम २००२ चा, २०२३ च्या सुधारणेसह. आयोगाकडे जाणाऱ्या तक्रारीला हा कायदा ‘माहिती’ म्हणतो. कंपन्यांच्या विलीनीकरणाची मंजुरी हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

## टप्पा १: हे प्रकरण आयोगाचेच आहे का, ते ठरवा

आयोगाच्या दारात तीन प्रकारची प्रकरणे बसतात.

पहिला प्रकार कलम ३(३) चा, म्हणजे एकाच धंद्यातल्या, एकाच पातळीवरच्या लोकांचे संगनमत. मिळून भाव ठरवणे, मिळून पुरवठा किंवा उत्पादन आवळणे, गावे वा गिऱ्हाइके वाटून घेणे आणि निविदेत रिंग करणे या चार गोष्टी त्यात येतात. असा समझोता सिद्ध झाला की स्पर्धेला बाधा पोहोचली, असे कायदाच गृहीत धरतो. तसे झाले नाही हे दाखवण्याची जबाबदारी मग समोरच्यावर जाते. २०२३ नंतर या साखळीत मध्यस्थी करणारा, स्वतः त्या धंद्यात नसलेला माणूस किंवा कंपनीही सापडू शकते.

दुसरा कलम ३(४) चा. उत्पादक आणि वितरक, वितरक आणि दुकानदार अशा वरच्या-खालच्या पातळीतल्या अटी. ‘हा माल हवा तर तोही घ्या’, ‘दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही’, ‘या भावाखाली विकायचे नाही’. इथे कायदा आपोआप काही गृहीत धरत नाही. स्पर्धेला बाधा झाली हे तुम्हालाच दाखवावे लागते.

तिसरा कलम ४ चा, म्हणजे प्रबळ स्थानाचा गैरवापर. इथे दोन पायऱ्या आहेत: आधी समोरचा त्या बाजारात प्रबळ आहे हे दाखवायचे, मग त्याने त्या बळाचा गैरवापर केला हे दाखवायचे. नुसते मोठे असणे हा गुन्हा नाही.

तुमची तक्रार यात बसत नसेल तर दार वेगळे आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर वैधमापन विभाग किंवा ग्राहक आयोग. बिल्डरने ताबा लांबवला, तर महारेरा. मोठ्या कंपनीने लघुउद्योगाचे बिल थकवले, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभता परिषद. अधिकाऱ्याने टक्केवारी मागितली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. निविदेच्या अटीच अन्यायकारक आहेत पण बोलीदारांत संगनमत नाही, तर बहुधा उच्च न्यायालय.

बिल्डरांविषयीच्या तक्रारी इथे नेहमी घसरतात. डीएलएफ प्रकरणात २०११ साली ६३० कोटींचा दंड झाला, त्याचा दाखला देऊन पुण्या-मुंबईचे खरेदीदार आयोगाकडे जातात. पण त्या प्रकरणात बाजारपेठ गुडगावातील उच्च दर्जाची घरे इतकी नेमकी ठरली होती आणि त्या बाजारात ती कंपनी प्रबळ असल्याचे दाखवता आले. जिथे दहा-वीस बिल्डर एकमेकांशी झुंजत आहेत, तिथे करार कितीही एकतर्फी असला तरी कलम ४ लागत नाही.

दूरसंचारसारख्या क्षेत्रात नियामक असेल तर आणखी एक अडसर येतो. जिओने मोठ्या दूरसंचार कंपन्यांविरुद्ध नेलेल्या प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये हेच धरले: तांत्रिक मुद्दे आधी नियामकाने ठरवावेत, मग आयोगाने हात घालावा. अशा प्रकरणात नियामकाकडचा कागद आधी मिळवा.

सरकारी कंपनी आहे म्हणून मात्र मागे हटू नका. कोळसा पुरवठ्याच्या एकतर्फी अटींबद्दल महाराष्ट्र राज्य वीज निर्मिती कंपनीने कोल इंडियाच्या उपकंपन्यांविरुद्ध आयोगाकडे धाव घेतली होती. सरकारी मक्तेदारीलाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कोल इंडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले. वगळले आहे ते सरकारचे सार्वभौम काम: संरक्षण, चलन, अणुऊर्जा, अवकाश यांसारखे.

तपासणी: पुढचे वाक्य रिकाम्या जागा भरून पूर्ण करा. ‘अमुक बाजारात, अमुक लोकांनी, अमुक गोष्ट केली, त्यामुळे खरेदीदाराला किंवा नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्याला अमुक मिळेनासे झाले.’ यातल्या शेवटच्या जागी फक्त ‘माझे पैसे बुडाले’ एवढेच लिहिता येत असेल तर इथेच थांबा.

## टप्पा २: तारखा मांडा आणि स्वतःची जागा पाहा

२०२३ च्या सुधारणेने मुदत आणली. तक्रारीचे कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती दाखल झाली पाहिजे. उशीर झाला तर पुरेसे कारण देऊन माफी मागता येते, पण ती आयोगाच्या मर्जीवर आहे. म्हणून पुरावे गोळा करण्याआधी एका पानावर तारखा लिहा: पहिली घटना, शेवटची घटना, तुम्हाला कळले तो दिवस. वर्तन अजून चालू असेल तर ते ठळक लिहा आणि अलीकडच्या एखाद्या घटनेचा कागद जोडा. पाच वर्षांपूर्वीची निविदा एकटी घेऊन जाणे आणि त्याच टोळीच्या पाच वर्षांपूर्वीपासून गेल्या वर्षापर्यंतच्या सात निविदा घेऊन जाणे यात मोठा फरक पडतो.

त्याच वेळी आयोगाच्या संकेतस्थळावर जुने आदेश शोधा. त्याच किंवा जवळपास त्याच वस्तुस्थितीवर आयोगाने आधी निर्णय दिला असेल, तर कलम २६(२ए) खाली तुमचे प्रकरण दारातच बंद होऊ शकते. वेगळा काळ, वेगळा बाजार किंवा नवे पुरावे असतील तर तो फरक पहिल्या दोन पानांतच सांगायला हवा.

आता नाजूक भाग. ‘साहेबांनी सांगितले म्हणून सपोर्टला एक निविदा भरली’ असे म्हणणारे लहान ठेकेदार पुष्कळ आहेत. कायद्याच्या नजरेत ती सपोर्टची, म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे तर देखाव्यासाठी भरलेली, निविदा म्हणजे रिंगमधला सहभाग. तुम्ही स्वतः कधीही अशी निविदा भरली असेल, तर साधी माहिती दाखल करू नका. तुमचा मार्ग कलम ४६ चा, सौम्य दंडाचा. संगनमत उघड करणाऱ्या पहिल्या अर्जदाराला दंडात १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. क्रमांक लागतो तो आयोगाशी संपर्क साधल्याच्या वेळेवर. इथे मात्र पहिल्या दिवसापासून या विषयातला वकील घ्या.

पुणे महानगरपालिकेच्या २०१४-१५ मधील घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. माहिती दाखल केली ती नागरिक चेतना मंच या पुण्याच्या संस्थेने. २०१८ मध्ये आयोगाने संगनमत झाल्याचा निष्कर्ष काढला, आणि सहभागी कंपन्यांपैकी काहींनी मधल्या काळात सौम्य दंडासाठी अर्ज केलेले होते. बाहेरच्या नागरिक संस्थेने दार ठोठावल्यावर आतल्या माणसांनी बोलायला सुरुवात केली, हा क्रम लक्षात ठेवा.

सूचना: माहिती दाखल करायला स्वतःचे नुकसान झालेले असावे लागत नाही. कोणतीही व्यक्ती, ग्राहक, संस्था किंवा व्यापारी संघटना ती दाखल करू शकते. २०२० मध्ये ओला-उबर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. म्हणून आपले नुकसान फुगवून सांगण्याची गरज उरत नाही.

## टप्पा ३: समोरच्याला कळण्याआधी पुरावे गोळा करा

पहिली मोठी चूक इथे होते. संतापाच्या भरात वकिलाची नोटीस पाठवली जाते: ‘आपण संगनमत केले आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा.’ त्या पंधरा दिवसांत व्हॉट्सअॅप ग्रुप पुसले जातात. महासंचालकांच्या कार्यालयाला (आयोगासाठी चौकशी करणारी यंत्रणा) साक्षी घेण्याचे, कागद मागवण्याचे आणि न्यायालयाच्या परवानगीने झडती घेण्याचे अधिकार आहेत. ते वापरण्याजोगे काही शिल्लक राहावे, यासाठी तुम्ही गप्प राहणे गरजेचे आहे. आयोगाकडे जाण्याआधी नोटीस पाठवण्याची कायदेशीर अट नाही.

निविदांच्या प्रकरणात

सार्वजनिक गोष्टींपासून सुरुवात करा. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर उघडलेल्या निविदांचे तपशील, तांत्रिक छाननीचा गोषवारा आणि दरांचा तुलनात्मक तक्ता उतरवून घ्या आणि उतरवल्याची तारीख टिपा. बाकीचे माहितीच्या अधिकारातून मागवा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एका विषयाचा ही मर्यादा आहे, म्हणून एका निविदेला एक अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची वाट. कार्यारंभ आदेश निघण्याआधी अर्ज केला तर ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून नकार येण्याची शक्यता जास्त. आदेश निघाल्यावर मागा. प्रतींबरोबर नस्तीची पाहणीही मागा. पाहणीत जे दिसते ते प्रतीत अनेकदा निसटते.

काय पाहायचे? प्रत्येक बोलीदाराची पुढची माहिती एका तक्त्यात भरा:

- बयाणा रकमेच्या धनाकर्षाचा (डिमांड ड्राफ्टचा) क्रमांक, बँक, शाखा आणि तारीख. वेगवेगळ्या कंपन्यांचे लागोपाठचे क्रमांक हा फार बोलका पुरावा आहे.
- प्रतिज्ञापत्रांच्या मुद्रांक कागदाचे अनुक्रमांक, विक्रेता आणि नोटरी.
- सनदी लेखापालाच्या दाखल्याची तारीख आणि स्वाक्षरी.
- पत्ता, दूरध्वनी, ईमेल, संचालक. संचालकांची नावे कंपनी नोंदणीच्या सार्वजनिक नोंदींतून मिळतात.
- निविदा ऑनलाइन भरली त्याचा आयपी पत्ता आणि वेळ. विभाग देईलच असे नाही, पण मागून ठेवा. नकाराचे पत्रही जोडता येते.
- दर. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्यात अंदाजपत्रकीय दरापेक्षा किती टक्के कमी वा जास्त ते पाहा. बी-२ मध्ये बाबनिहाय दर पाहा.
- कोण अपात्र ठरला आणि का. एकच सोपा कागद प्रत्येक वेळी ‘विसरणारा’ बोलीदार बहुधा हरण्यासाठीच आलेला असतो.
- काम मिळाल्यावर हरलेल्यांपैकी कोणाला पोटठेका गेला का.

एकाच निविदेवर थांबू नका. त्याच विभागाच्या मागच्या आठ-दहा निविदा एका तक्त्यात मांडल्या की पाळी लावून कामे घेण्याची पद्धत उघडी पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा: सारखे दर म्हणजे संगनमत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी ३८८ रुपये हाच दर भरला होता. तिथे संगनमताचा निष्कर्ष २०१७ मध्ये कायम राहिला, कारण सारखेपणा वर्षानुवर्षांचा होता आणि त्याला पटणारे दुसरे कारण देता आले नाही. उलट, स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडर उत्पादकांच्या प्रकरणात एकसारखे दर होते, निविदेआधी मुंबईत बैठकही झाली होती. तरी २०१८ मध्ये न्यायालयाने उत्पादकांना सोडले. खरेदीदार मोजकेच, दर जवळपास त्यांच्याच हातात, सगळ्यांना सगळ्यांचे भाव ठाऊक. अशा बाजारात दर आपोआप सारखे होऊ शकतात. म्हणून सारख्या दराला एक जोड हवीच: बैठक, फोन, सारखी चूक, सारखा धनाकर्ष, पोटठेका. आणि ‘सारख्या खर्चामुळे दर सारखे आले’ हे उत्तर येणार, असे धरून ते आधीच खोडून काढा. एक कारखाना नाशिकला आणि दुसरा गुजरातेत असेल, तर वाहतुकीचा खर्च सारखा कसा?

संघटनांच्या प्रकरणात

इथे पुरावा बहुधा संघटनेनेच लिहून ठेवलेला असतो. परिपत्रक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, सभासदांना गेलेला संदेश, दंडाची पावती. गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्धच्या प्रकरणात आयोगाने २०१२ मध्ये आदेश दिला. नवा स्टॉकिस्ट (कंपनीचा घाऊक विक्रेता) नेमण्याआधी संघटनेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घ्यावी लागण्याची प्रथा तिथे केंद्रस्थानी होती. औषध व्यापारात ही प्रथा देशभर होती आणि त्यावर आयोगाचे अनेक आदेश आहेत. तुमच्या धंद्यात एनओसी ‘तोंडी’ मागतात? मग कंपनीला लेखी विचारा: ‘आमची नेमणूक कशासाठी थांबली आहे?’ त्याचे उत्तर, अगदी ‘संघटनेशी बोलून घ्या’ एवढेच आले तरी, जपून ठेवा.

डिजिटल पुरावा

स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही. मूळ फोन जपा, तो विकू नका, रीसेट करू नका. संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा. सोयीचे चार संदेश निवडले तर बाकीचे समोरचा दाखवेल आणि तुमची विश्वासार्हता जाईल. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात: एक तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चा नमुना आजही फिरतो, तो वापरू नका.

मराठी कागदांबरोबर स्वच्छ इंग्रजी भाषांतर लावा. ‘रिंग’, ‘मॅनेज’, ‘सपोर्ट’, ‘साखळी’ असे शब्द संभाषणात आले तर शब्दशः भाषांतर करून खाली त्या धंद्यात त्याचा अर्थ काय ते एका ओळीत लिहा. ‘यंदा ते काम मॅनेज आहे’ याचे भाषांतर दिल्लीतल्या माणसाला काहीच सांगणार नाही.

तपासणी: प्रत्येक कागदावर क्रमांक, तारीख आणि ‘कुठून मिळाला’ हे लिहिले आहे का? चोरून मिळवलेला किंवा कोणाच्या खात्यात शिरून काढलेला कागद गठ्ठ्यातून बाजूला काढा.

## टप्पा ४: कलम निवडा, बाजारपेठ आखा

सगळी कलमे एकदम लावणे ही वकिलांचीही सवय आहे. त्याने प्रकरण मजबूत होत नाही, पातळ होते. तुमच्या पुराव्याला सगळ्यात नीट बसणारे एक कलम मुख्य धरा. दुसरे फक्त स्वतंत्र पुरावा असेल तरच.

कलम ४ घेतले की सगळा भार ‘संबंधित बाजारपेठ’ या कल्पनेवर येतो. तिला दोन बाजू आहेत. वस्तूची बाजू: ग्राहकाच्या दृष्टीने, किंमत, गुण आणि वापर पाहता, कोणत्या वस्तू एकमेकींच्या जागी चालतात? भूगोलाची बाजू: स्पर्धेची परिस्थिती कुठपर्यंत एकसारखी आहे? ही व्याख्या समोरच्याला प्रबळ ठरवण्यासाठी मुद्दाम आखडली तर ती टिकत नाही. ‘अमुक कंपनीच्या ट्रॅक्टरचे अमुक तालुक्यातील सुटे भाग’ असे म्हणायचे असेल, तर शेजारच्या तालुक्यातून किंवा दुसऱ्या कंपनीचा भाग का चालत नाही याचे कारण हवे: मापे जुळत नाहीत, हमी रद्द होते, तंत्रज्ञ येत नाही.

प्रबळ ठरण्यासाठी बाजारातल्या हिश्श्याची कोणतीही ठरीव टक्केवारी कायद्यात नाही. ‘पन्नास टक्क्यांवर म्हणजे प्रबळ’ ही ऐकीव गोष्ट. कलम १९(४) मध्ये हिस्सा, आकार, प्रतिस्पर्धी किती मोठे, ग्राहक किती अवलंबून, नव्याने शिरणे किती अवघड असे अनेक निकष आहेत. त्यातले चार-पाच निवडून प्रत्येकाला एक आकडा किंवा एक कागद द्या.

कलम ३(३) मध्ये बाजारपेठेवर एवढा भर नसतो. तरी एक परिच्छेद द्या.

## टप्पा ५: लिहा

माहिती दाखल होते कलम १९(१)(ए) खाली. मूळ निवेदन पंधरा-वीस पानांत बसवा; बाकी सारे जोडपत्रांत. हा क्रम चालतो:

1. एका पानाचा गोषवारा: कोण, काय, कोणते कलम, कोणत्या काळात.
2. तारखांची यादी.
3. माहिती देणाऱ्याचा आणि समोरच्यांचा पूर्ण तपशील: कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल. दुकानाचे पाटीवरचे नाव चालत नाही.
4. बाजार कसा चालतो, दोन पानांत. माल कुठून येतो, कोणाच्या हातून जातो, भाव कसा ठरतो. वाचणाऱ्याने तुमचा धंदा कधी पाहिलेला नाही, असे धरून लिहा. बहुतेक जण नेमका हाच भाग गाळतात आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होते.
5. घटना, क्रमांकित परिच्छेदांत. एका परिच्छेदात एक घटना, शेवटी जोडपत्राचा क्रमांक आणि पान.
6. कलमाशी सांगड.
7. स्पर्धेला झालेली बाधा, कलम १९(३) च्या निकषांवर: नव्यांना अडवले का, आहेत त्यांना हुसकावले का, ग्राहकाला फायदा झाला की तोटा.
8. या विषयावर कुठे दुसरा खटला किंवा तक्रार चालू आहे का, तो पूर्ण तपशील.
9. मागणी.

आठवा मुद्दा लपवणे घातक आहे. समोरच्याने तो उघड केला की आयोगाला तुमची माहिती वैयक्तिक हिशेब चुकता करण्याचा प्रयत्न वाटते. दिवाणी दावा चालू असला तरी बिघडत नाही. तो सांगा आणि इथला प्रश्न वेगळा का आहे ते लिहा.

मागणीत नुकसानभरपाई लिहू नका, ती आयोग देत नाही. चौकशी, वर्तन थांबवण्याचा आदेश, दंड, कराराच्या अटी बदलण्याचा निर्देश एवढे मागा. तातडीचा आदेश हवा असेल तर कलम ३३ खाली वेगळा अर्ज करा. चौकशी सुरू करायला जेवढे पुरते त्याहून बरेच भक्कम प्रकरण तिथे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) प्रकरणात सांगितले आहे. वाट पाहिली तर भरून न निघणारी हानी कोणती, ते कागदानिशी दाखवता येत नसेल तर हा अर्ज करू नका.

भाषा थंड ठेवा. ‘लुटारू’, ‘माफिया’ असे शब्द काढून टाका. जे स्वतः पाहिले ते ‘पाहिले’, जे ऐकले ते ‘ऐकले’, जो निष्कर्ष आहे तो ‘निष्कर्ष’ म्हणून लिहा. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कलम ४५ खाली तुम्हालाच दंड होऊ शकतो.

तपासणी: धंद्याबाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाला फक्त गोषवारा आणि चौथा भाग वाचायला द्या. त्याला समोरच्याने नेमके काय केले ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले नाही, तर पुन्हा लिहा.

## टप्पा ६: गोपनीयता, शुल्क, दाखल करणे

ज्या वितरकाविरुद्ध लिहिता त्याच्याकडूनच उद्या माल घ्यायचा असतो. म्हणून आपली ओळख गुप्त ठेवण्याची लेखी विनंती करता येते, आणि ती माहितीबरोबरच करायची. मागाहून केली तर नाव गेलेले असते. दोन संच बनवा: एक पूर्ण, एक झाकलेला. झाकलेल्या संचात फक्त नाव काढून भागत नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक, फाइलचे नाव, ईमेलची तळटीप, गावात एकट्या तुमच्याकडेच असलेल्या एजन्सीचा उल्लेख, सगळे पाहा. काळ्या पट्ट्या पीडीएफवर नुसत्या वर ठेवल्या तर खालचा मजकूर कॉपी करता येतो. पान छापून पुन्हा स्कॅन करा.

आकडे गोपनीय हवेत तर प्रत्येकाचे कारण द्या: हे सार्वजनिक नाही, उघड झाले तर अमुक नुकसान होईल. सरसकट ‘सर्व गोपनीय’ मागितले तर नकार येतो.

शुल्क माहिती देणारा कोण यावर ठरते. व्यक्ती, ग्राहक संस्था, स्वयंसेवी संस्था, सहकारी संस्था किंवा न्यास यांना ५,००० रुपये. फर्म आणि कंपन्यांना उलाढालीनुसार जास्त. दाखल करण्याच्या दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावर चालू दर आणि भरण्याची पद्धत पाहा. संस्थेच्या नावाने जात असाल तर अधिकार देणारा ठराव जोडा. तो नसल्यामुळे कागद परत येतात. पानांवर सलग क्रमांक, प्रत्येक जोडपत्रावर ‘खरी प्रत’ आणि सही, अस्पष्ट कागदांची टंकलिखित प्रत. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता.

## टप्पा ७: दाखल झाल्यानंतर

त्रुटी निघाल्या तर कळवले जाते. दिलेल्या मुदतीतच दुरुस्त करा. त्यानंतर आयोग तुम्हाला, कधी समोरच्यालाही, प्राथमिक चर्चेला बोलावू शकतो. बोलावले तर भाषण नको. बाजार कसा चालतो आणि तुमचे तीन सर्वांत भक्कम कागद कोणते, एवढेच सांगा.

मग दोन वाटा. कलम २६(१) खाली महासंचालकांना चौकशीचा आदेश, किंवा कलम २६(२) खाली प्रकरण बंद. चौकशीचा आदेश म्हणजे विजय नव्हे. समोरचा दोषी ठरला असा त्याचा अर्थ होत नाही. तो समाजमाध्यमांवर मिरवू नका. बंद झाले तर ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आदेश नीट वाचा: आयोगाने बाजारपेठ नाकारली की पुरावा? पुरावाच कमी पडला असेल तर अपिलातही तो आपोआप वाढत नाही.

चौकशीत महासंचालकांचे कार्यालय तुम्हाला प्रश्नावली पाठवते. प्रश्नाला प्रश्नापुरते उत्तर, वेळेत. पहिल्या निवेदनाशी एकही तारीख विसंगत नको, म्हणून आधीची प्रत समोर ठेवूनच लिहा. या काळात समोरचा आपसात मिटवायला येतो. लक्षात घ्या, माहिती दिल्यावर प्रकरण तुमच्या खिशात राहत नाही. तुम्ही माघार घेतली तरी आयोग चौकशी चालू ठेवू शकतो, आणि पैसे घेऊन साक्ष बदलणे तुम्हाला अडचणीत आणते.

२०२३ च्या सुधारणेने समोरच्याला आयोगाशी तडजोड करण्याची किंवा वर्तन सुधारण्याची हमी देण्याची वाट दिली आहे, कलम ४८ए आणि ४८बी. ती कलम ३(४) आणि ४ च्या प्रकरणांना आहे, संगनमताला नाही. असा प्रस्ताव आला तर तुम्हाला म्हणणे मांडायची संधी मिळते. तेव्हा ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर भागवू नका. कोणती अट राहून गेली, ती पाळली जाते का हे कोण तपासणार, किती काळ तपासणार, हे कलमवार लिहा.

## टप्पा ८: भरपाई हवी असेल तर

संगनमत किंवा गैरवापर सिद्ध झाल्याचा निष्कर्ष निघाला की कलम ५३एन खाली भरपाईसाठी अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करता येतो. स्वतःच्या नुकसानीचा हिशेब पहिल्यांदा मांडायची जागा ही. संगनमत नसते तर कोणत्या भावात माल मिळाला असता, याचा आधार लागतो: शेजारच्या जिल्ह्यातला त्याच महिन्यांचा भाव, किंवा रिंग सुरू होण्याआधीचे तुमच्याच खरेदीचे दर. त्यासाठी लागणारी बिले, वह्या आणि बँकेचे उतारे आजपासूनच वेगळ्या फाइलमध्ये लावायला घ्या. प्रकरण वर्षानुवर्षे चालते, आणि तोपर्यंत जुन्या वह्या बहुतेक दुकानांतून रद्दीत गेलेल्या असतात.